क्वेकांच्या घरातून क्वेकांच्याच घरात

"दोन क्वेक एका बिछान्यात निजवलेत तुम्ही! आता पोर व्हायचंय. वर गेल्यावर पूर्वजांना काय तोंड दाखवणार?"

"हळू बोल. वर गेल्यावर कोण कागद बघायला बसलंय?"

"तेच सांगतेय मी! तिथे कागद बघत नाहीत!"

ताइपिंगच्या त्या घरात गाइक सिम सून होऊन आली त्याला तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. मागच्या अंगणात कोळशाच्या पोत्यांआड ती ओकारी काढायला बसली होती, आणि आत स्वयंपाकघरात सासू-सासरे तिच्यावरूनच भांडत होते. ओकारी तिथल्या तिथे थांबली.

"बंदरावर तापानं मेलेल्या कुठल्या याप आडनावाच्या माणसाचा प्रवासाचा कागद खिशात घालून तुम्ही जहाजात चढलात," सासू म्हणत होती, "त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. पोट होतं, करणार काय. पण मुलाला बायको आणायची तर क्वेकांची मुलगी? अहो, तुम्ही क्वेक. तुमचा मुलगा क्वेक. एका आडनावाचे म्हणजे बहीणभाऊ, हे शेंबड्या पोराला कळतं!"

"लोकांच्या लेखी आपण याप आणि ती क्वेक. जोडा छान जमला म्हणाले सगळे."

"लोकांचं राहू द्या. दुसऱ्या आडनावाच्या मुली काय पुरात वाहून गेल्या होत्या?"

सासरे म्हणाले, "मला या घरात एक तरी खरी क्वेक हवी होती. चारचौघांत ते नाव उच्चारता येईल अशी."

सासूने भाताच्या पातेल्यावर झाकण असं आपटलं की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. गाइक सिमने तोंड पुसलं, आत गेली आणि ताटं मांडायला लागली.

"एवढी पांढरी का पडलीस गं?" सासूने विचारलं.

"मळमळतंय, आई."

ते काही खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच. एका जागी बसलं की ते भांडण कानात सुरू व्हायचं, म्हणून ती बसायचीच नाही. मुलगा झाला, तेक लिओंग. सुईणीने त्याला हातात दिलं तर तिने आधी बोटं तपासली, मग कान, मग टाळू. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी पोराला साधी शिंक आली की तिला वाटायचं, हे घ्या, आले वरचे हिशेब करायला. शाळेत त्याला चष्मा लागला तेव्हा महिनाभर तिने अन्नाला नीट तोंड लावलं नाही. मग पालकसभेला गेली आणि बघते तर अर्धा वर्ग चष्म्यात. तानांची पोरं, लिमांची पोरं, अस्सल यापांचीसुद्धा. तेवढ्यापुरता जीव खाली पडला. पुढे लिओंगने चष्म्याचंच दुकान काढलं.

नवऱ्याला ठाऊक होतं का? हे तिने कधी विचारलं नाही. एंग सून शांत माणूस, सायकली दुरुस्त करायचा, घरी आला की रेडिओ लावायचा. अशा माणसाला मुद्दाम जाऊन 'अहो, आपण बहीणभाऊ आहोत म्हणे' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि त्याला ठाऊक असेल तर तोही तेवढ्यासाठीच गप्प असेल. असे दोघं एकमेकांना जपत म्हातारे झाले. संसार चांगला झाला.

पोपियाच्या, म्हणजे भाजी भरून गुंडाळायच्या वळकटीच्या, पाऱ्या करायचं काम तिने धरलं ते त्या भिंगरीपायीच. मैद्याचा ओलसर, सैल गोळा तळहातात सारखा झुलवत ठेवायचा, तापल्या तव्यावर एक फेर टेकवायचा आणि उचलायचा. तव्यावर मागे उरतो तो पातळ पापुद्रा, ती पारी. हात थांबला की गोळा मनगटावरून घरंगळलाच. बाकीच्या बायकांना या कामाचा कंटाळा यायचा. गाइक सिमला त्याच्याइतका विसावा दुसरा नव्हता. सकाळी बाजारात, दुपारनंतर घरामागे, तिचा तवा चालू. चेंगबेंग आला, म्हणजे पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायचे दिवस आले, की घराघरात पोपिया लागतो. तेव्हा तर तिला मान वर करायला फुरसत नसायची, आणि तेच तिला हवं असायचं.

कारण चेंगबेंगमध्येच ते भांडण सगळ्यात मोठ्याने ऐकू यायचं. पितरांसाठी जाळायच्या सोनेरी कागदांच्या गठ्ठ्यावर ज्याचं नाव लिहाल त्यालाच ते पोचतं. दरवर्षी लिओंग झोकात लिहायचा, याप अमुक, याप तमुक. कागदी कोट, कागदी घड्याळ, एका वर्षी तर ड्रायव्हरसकट कागदी मोटार. आणि गाइक सिम धुरात डोळे चोळत मनात म्हणायची, तो बंदरावर मेलेला खरा याप बसल्या जागी केवढा गबर झाला असेल! आणि आमचा म्हातारा तिथे अनवाणी. मग ओठातल्या ओठात पुटपुटायची, "बाबा याप, अर्धं तू ठेव, अर्धं आमच्या माणसांना दे." याप देत होता का नाही, देव जाणे.

सासऱ्यांनी तिला तोंडाने काही सांगितलं ते एकदाच. शेवटच्या दुखण्यात ती त्यांना पेज भरवत होती. मध्येच त्यांनी विचारलं, "तुझ्या बापाचं चीनमधलं गाव तांगवाकडचं ना?"

"हो. नदीवरच्या पुलापलीकडे, असं आई म्हणायची."

"आमचं अलीकडे," सासरे म्हणाले आणि पुन्हा तोंड उघडलं ते पेजेसाठी.

म्हणजे पूल मध्ये होता, गावं तरी वेगळी होती. त्या पुलाचा तिला पुढे कितीतरी वर्षं आधार वाटला. पण पूल केवढा होता, छोटा की मोठा, हे विचारायचं राहून गेलं.

सासू गेली, सासरे गेले, एंग सूनही गेला. सगळे टेकडीवर याप आडनावाच्या दगडाखाली निजले. आता फक्त आपण तोंड मिटून गेलो की संपलं, असं गाइक सिमने ठरवलं होतं. तेवढ्यात नात आली.

नात हुइ तेंग क्वालालंपूरला पिक्चर काढायचं शिकत होती. शेवटच्या परीक्षेसाठी तिला पंधरा-वीस मिनिटांचा खराखुरा पिक्चर करायचा होता, नट-नट्या नसलेला. विषय काय, तर आपलं घराणं. चीनमधून कोण आलं, का आलं आणि आज आपण स्वतःला काय समजतो. चेंगबेंगच्या आधी दोन आठवडे ती कॅमेरा, दिवा आणि तीन पायांची घोडी घेऊन घरात येऊन धडकली.

लिओंगला तर आभाळ ठेंगणं झालं. तो यापांच्या कुलभवनाचा चिटणीस होता. वर्षअखेरच्या मेजवानीत मुलीचा पिक्चर सगळ्या यापांना दाखवायचा, असं त्याने परस्पर अध्यक्षांना सांगूनही टाकलं. बैठकीत शिसवी खुर्ची आणली, मागे 'याप' लिहिलेला लाल कंदील टांगला आणि आईला म्हणाला, "आई, तो जांभळा झगा घाल. आणि बस इथे."

"बसून काय करू?"

"काही नाही करायचं. बसायचं आणि बोलायचं."

"नुसतं?"

"आमा, आजोबांचे वडील चीन सोडून इकडे का आले?" तेंगने कॅमेऱ्यामागून विचारलं.

"भूक लागली म्हणून."

"असं नाही गं. जरा सविस्तर सांग."

"फार भूक लागली म्हणून."

तेंगला हसू आवरेना, घोडी हलली. लिओंग म्हणाला, "आई, चेष्टा नको. हे कुलभवनात दाखवायचंय." तोवर गाइक सिम उठली होती, दूध उतू जातंय म्हणून. दूध नव्हतंच. परत येऊन बसली, मग वाळत घातलेले कपडे आठवले. मग दारात कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. तीन दिवस हेच चाललं. तेंगने रात्री जेवताना सांगितलं, "बाबा, माझ्याकडे आतापर्यंत रिकाम्या खुर्चीचं फार सुंदर शूटिंग झालंय."

"तिला काहीतरी होतंय का?" लिओंगने आवाज खाली आणला.

"मी इथेच आहे," गाइक सिम भाजी वाढत म्हणाली. "मला ऐकू येतं."

मग लिओंगनेच खुर्ची पटकावली आणि यापांचं घराणं चीनमधल्या आनखेच्या डोंगरातलं, मूळपुरुष कोण, त्याला किती मुलं, सगळं घडाघडा सांगितलं. कुलभवनाच्या पुस्तिकेतलं त्याला तोंडपाठ होतं. गाइक सिम दाराआडून ऐकत होती आणि झग्याचं टोक पिळत होती.

"आणि शेवट कसा करणार आहेस?" त्याने मुलीला विचारलं.

"चेंगबेंग झाल्यावर आपण आनखेला जातोय ना, तिथे," तेंग म्हणाली. "मूळपुरुषाच्या थडग्यापुढे मी गुडघे टेकणार. खरंच टेकणार बाबा, पिक्चरसाठी नाही. लहानपणापासून शाळेत कुणी विचारलं, तुम्ही कुठले, तर मला नुसतं ताइपिंग म्हणायला बरं वाटायचं नाही. तिथली मूठभर माती आणेन आणि आजोबांच्या थडग्यावर घालेन. तिकिटं काढून झालीत."

गाइक सिमच्या हातून झग्याचं टोक सुटलं. कागदाची मोटार परक्याला गेली तर गेली. पण आपली पोर, जिला ताप आला तर आपण उशाशी उभं राहून रात्र काढली ती पोर, परक्याच्या थडग्यापुढे डोकं टेकणार, तिथे रडणार, आणि परक्याची माती आणून एंग सूनच्या छातीवर टाकणार?

आणि हे थांबवायचं तर स्वतःचं लग्न सगळ्यांसमोर उघडं करायचं. यापांच्या घरातली क्वेक म्हणून तिचं नाव होतं. आता क्वेकांच्या घरातली क्वेक म्हणून बायका बाजारात तोंडावर हात ठेवून बोलणार. लिओंगचं कुलभवन जाणार. आणि मेलेल्या नवऱ्याला यातलं काही विचारता येणार नाही.

बाजारात तिच्या शेजारी मुनियम्माचं फुलांचं दुकान. मुनियम्मा तमिळ, पण होकिएन ही चिनी बोली अशी बोलायची की होकिएन बायका घासाघीस करताना तिला घाबरायच्या. दुसऱ्या दिवशी पाऱ्या उचलता उचलता गाइक सिमने विषय काढला.

"मुनियम्मा, समजा एखादी बाई आहे..."

"कोण बाई?"

"असते एक. तिला लग्नानंतर कळलं, की ती आणि नवरा एकाच आडनावाचे."

"साधारण तुझ्या वयाची?"

"असेल."

"पोपियाच्या पाऱ्या करते?"

"मुनियम्मा!"

मुनियम्माने शेवंतीचा जुडा खाली ठेवला आणि आसपास बघून घेतलं. मग तिला हसू फुटलं ते पोट धरून. "अक्का, एवढंच? अगं मला तर माझ्या सख्ख्या मामालाच दिली! जन्मभर भांडलो, पण आडनावावरून एकदाही नाही. आम्हाला आडनावच नसतं. बापाचं नाव लावायचं, सुटलं."

"तुमच्यात चालतं. आमच्यात नाही चालत."

"ते दिसतंय. म्हणून इतकी वर्षं तू माझ्याकडे चहाला बसली नाहीस होय? मला वाटायचं माझा चहा वाईट."

"तो आहेच वाईट," गाइक सिम म्हणाली, आणि मग थांबत थांबत सगळं सांगितलं. कागद, कंदील, आनखे, माती. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्या तोंडून बाहेर पडत होतं. हात चालू होता म्हणून निघालं.

मुनियम्मा आता हसत नव्हती. "सांगितलंस तर मुलगा रुसेल," ती म्हणाली. "नाही सांगितलंस तर पोरगी परक्याच्या दारात रडून येईल. रुसलेला मुलगा जेवायला घरीच येतो, अक्का."

"आणि लोक?"

"लोक माझ्याकडून फुलं घेतात आणि तुझ्याकडून पाऱ्या. मेल्यांना दुसरीकडे एवढ्या पातळ मिळतात का?"

तरी चार दिवस गाइक सिम गप्पच राहिली. रोज वाटायचं आज सांगू, आणि तेंग समोर आली की ती केर काढायला घ्यायची. घर एवढं स्वच्छ कधीच नव्हतं. सून पेनांगच्या शाळेत शिकवायची, शनिवारी यायची. तिने दारात चप्पल काढतानाच विचारलं, "कोणी पाहुणे येणार आहेत का?"

चेंगबेंगच्या आदल्या दिवशी सकाळी मागणी इतकी होती की गाइक सिमने घरामागे दोन तवे चढवले. तेंग कॅमेरा घेऊन आली. आता ती खुर्चीच्या नादाला लागत नव्हती.

"आमा, तू बोलू नकोस. मला फक्त तुझे हात हवेत."

"घे. फुकट आहेत."

बराच वेळ नुसता तव्याचा चर्र-चर्र आवाज. गोळा झुलत होता, टेकत होता, उठत होता. तेंग इतकी जवळ आली होती की तिच्या केसांना मैदा लागला. आणि त्या झुलत्या हाताकडेच बघत गाइक सिम म्हणाली,

"तेंग, ती तिकिटं परत देता येतात का?"

"का गं?"

"आनखेला आपलं कोणी नाही."

तेंगने कॅमेरा खाली घेतला नाही. हे गाइक सिमने पाहिलं आणि मनात म्हणाली, पोरगी कामाची आहे. मग तिने सांगितलं. कोळशाची पोती, सासूचं ओरडणं, सासऱ्यांचं ते एकच वाक्य. बंदरावर मेलेला याप. पेज, पूल. एकीकडे पाऱ्यांची चवड वाढत होती.

"म्हणजे आपण याप नाही," तेंग हळूच म्हणाली. "मग आपण कोण?"

"ती पारी उचल आधी, करपेल."

तेंगने एका हाताने पारी उचलली, बोटं भाजली, झटकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि असं काही हाती लागल्याची चमकही होती. पिक्चरवाल्यांची जातच तशी, गाइक सिमला वाटलं. मग ती चमक विझली. पोरीला पुढचं कळलं होतं.

"पण आमा... तू पण क्वेकच ना? लग्नाआधीची?"

"हो."

"आजोबांना माहीत होतं?"

"मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही."

"कधीच?"

"तुझ्या बापाच्या बारशाला, महिना पुरा झाला तेव्हा लाल अंडी वाटताना एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता वाटतं, माहीत असावं. पण त्यांना पोटदुखीही होती."

तेंग रडत रडत हसली आणि तेही रेकॉर्ड झालं.

लिओंगने ते दुपारीच पाहिलं. जेवण तसंच टाकून तो उठला. "पुसून टाक," तो मुलीला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता पुसून टाक. आई, कॅमेऱ्यासमोर? सांगायचंच होतं तर मला एकट्याला नसतं सांगता आलं?"

"तू एकटा कधी होतोस? तुझ्याबरोबर नेहमी सगळे याप असतात."

"मी चिटणीस आहे तिथला! पुढच्या वर्षी उपाध्यक्ष करणार होते. आणि म्हणजे तुम्ही दोघं... म्हणजे मी..." तो स्वतःच्या हातांकडे बघायला लागला, जणू ते कुणा दुसऱ्याचे होते.

"काही कमी नाही," गाइक सिम म्हणाली. "जन्मल्याबरोबर मी तपासून घेतलंय."

"यात हसण्यासारखं काय आहे, आई?"

"काही नाही," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं कुठे हसले?"

तेंगने कॅमेरा टेबलावर ठेवला. "आमा म्हणेल तसं करते. पूस म्हणाली तर पुसते."

गाइक सिमने ताटं गोळा केली, मोरीत ठेवली, परत आली. "पुसू नकोस. पुसायचं असतं तर मी बोललेच नसते. पण कुलभवनात दाखवायचं की नाही, ते लिओंग ठरवेल. तिथे बसायचं त्याला आहे."

दुसऱ्या दिवशी सगळे टेकडीवर गेले. लिओंग सगळ्यांच्या पुढे एकटाच चढत होता. गवत काढलं, दगड धुतले, रंगीत कागद ढेकळांखाली दाबून ठेवले. सोनेरी कागदांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन तो लेखणी धरून बसला आणि बसूनच राहिला. शेजारच्या थडग्यावरच्या लोकांचं सगळं जाळून झालं, ते पोपिया खायला लागले, तरी याचं चाललेलंच.

"आई," तो वर न बघता म्हणाला, "आजोबांचं खरं नाव काय होतं?"

"क्वेक."

"क्वेक काय?"

गाइक सिमला एकदम जाणवलं की हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. "ते नाही ठाऊक रे."

त्याने एका गठ्ठ्यावर याप आणि पूर्ण नाव लिहिलं, नेहमीसारखं. दुसरा गठ्ठा घेतला, त्यावर नुसतं क्वेक लिहिलं. पुढे जागा तशीच कोरी सोडली. दोन्ही पेटवले. धूर आधी एकीकडे गेला, मग दुसरीकडे. तेंगने कॅमेरा काढलाच नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं.

तिकिटं परत घेत नव्हते, पण मुक्काम बदलता आला. बापलेक आनखेला गेले नाहीत, तांगवाला गेले. तेंगने फोनवर सांगितलं, "आमा, नदी आहे. पूल एवढा मोठा आहे की त्याच्यावर ट्रकांची रांग लागलीये. जुना पूल कुठे होता ते कुणाला माहीत नाही. आणि अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे क्वेकच क्वेक. एका म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही कुठल्या घरातले. आम्हाला सांगताच येईना."

"मग?"

"मग त्याने शेवया खायला घातल्या. बाबांनी दोन वाडगे खाल्ले."

"माती घेतलीस?"

"कोणाची घेऊ?"

गाइक सिमने फोन ठेवला आणि मागे जाऊन, मागणी नसताना तवा चढवला. तिला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की आत काहीतरी जागेवर बसेल. तसं काही झालं नाही. आता रात्री नवेच प्रश्न यायचे. सासऱ्यांना त्यांची आई काय म्हणून हाक मारत असेल? त्या बंदरावरच्या यापची कुणी वाट बघत होतं का? त्याच्या घरच्यांनी त्याच्या नावाने कागद जाळले असतील, तर त्याला दोन्हीकडून मिळालं की काय! आधी एकच भांडण कानात वाजायचं, आता विचारायला माणसंच उरली नव्हती. मुनियम्मा म्हणाली, "अक्का, आता तरी बस." गाइक सिम म्हणाली, "बसते की," आणि तिची फुलं तिलाच निवडून द्यायला लागली.

पिक्चर लिओंगने दाखवला. का दाखवला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. वर्षअखेरच्या मेजवानीच्या आधी तो एकटा अध्यक्षांच्या घरी जाऊन आला आणि येताना त्याचा चेहरा धुतल्यासारखा होता. पिक्चरमध्ये खुर्ची होती, रिकामी. मग हात होते, हातच हात, आणि आवाज. संपल्यावर कुलभवनात कुणी टाळी वाजवली नाही. बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या, आणि सगळ्यांच्याच काही रागाने नसाव्यात. शेवटी एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "मिरचीची चटणी कुठे गेली?" आणि जेवण सुरू झालं.

गाइक सिमने पिक्चर घरीच बघितला. "माझी बोटं फार जाड दिसतात," एवढंच म्हणाली. तेंगला परीक्षेत चांगले गुण मिळाले.

पुढच्या वर्षी लिओंग चिटणीस राहिला नाही. काढलं असं कुणी म्हणालं नाही, त्याने सोडलं असंही नाही. दोन-तीन जुने मित्र चष्मा करायला दुसऱ्या दुकानात जायला लागले. कुलभवनात कधी तोंड न उघडणारा एक याप मात्र दुकान बंद व्हायच्या वेळेला येऊन त्याच्याशी तासभर बोलत बसायचा. काय बोलायचा ते लिओंगने घरी सांगितलं नाही, आणि गाइक सिमनेही विचारलं नाही.

कुलभवनातून पाऱ्यांची मागणी मात्र येईल की नाही, याचा तिला घोर लागला होता. वसंतातल्या मेजवानीला पोपिया तिच्याच पाऱ्यांचा, हे लिओंगच्या लहानपणापासूनचं. चेंगबेंग जवळ आला तरी निरोप नाही. ती रोज मुनियम्माला म्हणायची, "नाही आला तर नाही आला," आणि रोज मैदा जास्तच भिजवायची. मेजवानीच्या दोन दिवस आधी फोन वाजला. कुलभवनाचा राखणदार, म्हातारा ओह. त्याने नेहमीसारखं 'जमेल का' असं विचारलंही नाही, नुसतं म्हणाला, "परवा सकाळी. लवकर आण, पंखे लावायच्या आत."

तिचं ते बाहेरचं शेवटचं काम ठरलं. पुढच्याच आठवड्यात ती गेली, मागच्या अंगणात उभी असताना. पण त्या सकाळी तसं काही नव्हतं. पाऱ्यांच्या चवडी ओल्या फडक्यात गुंडाळल्या, टोपलीत रचल्या, लिओंग गाडीने सोडतो म्हणाला तर "तुझी गाडी उन्हात तापते, चिकटतील" म्हणून त्याला घालवून दिलं आणि सायकलरिक्षाने गेली. पुढच्या दारात मोटारी लागायला लागल्या होत्या, म्हणून मागच्या दाराने शिरली.

"ठेव तिकडे, यापवहिनी," ओह भांडी पुसत म्हणाला.

"तिकडे नको, वारा येतो. कडा वाळतात." तिने टोपली कपाटाच्या आडोशाला सरकवली, वरचं फडकं उचलून एक पारी हातावर पसरून बघितली, परत ठेवली. "आणि फडकं कोरडं पडू देऊ नकोस. गेल्या वर्षी पडू दिलंस."

"गेल्या वर्षी मी आजारी होतो."

"मग या वर्षी होऊ नकोस."

"चहा टाकलाय. घोटभर घेऊन जा."

"तवा तापत ठेवून आलेय," ती म्हणाली, दुसरं ओलं फडकं घडी घालून टोपलीवर ठेवलं आणि मागच्याच दाराने बाहेर पडली.